पोरीच्या दाढांचं काम करून आठ-नऊ महिने झाले: पांढरी फिलिंग, स्टीलची कॅप आणि माझा अनुभव

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या तीन दाढांचं काम करून घेतलं. दोन दाढांत दाताच्या रंगाची फिलिंग भरली, तिसरीवर स्टीलची कॅप बसवली. त्यानंतर तान्ह्या पोळ्याला पोरांना दारोदार मिळणाऱ्या बोजाऱ्याचा खाऊ झाला, दिवाळीचा फराळ झाला, संक्रांतीचा तीळगूळही झाला. आता काय टिकलं, काय नाही हे खात्रीनं सांगता येतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात लोक दवाखान्यात जाऊन "पांढरं भरा" एवढंच सांगतात. माझं म्हणणं असं, की रंग सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा की दाढ दुधाची आहे की कायमची, आणि कीड कुठून शिरली आहे.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं होतं, त्यांनी लिहून दिलं की दात किडले आहेत. 2013 पासूनचा हा कार्यक्रम आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते, दातही बघतात. ती चिठ्ठी दप्तरात ठेवून विसरू नका. चिठ्ठी घेऊन आधी तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं आतही न बघता सांगितलं, दुधाची दाढ आहे, काढून टाका. सासूबाईंचंही तेच, "बाप्पा, दुधाचे दात हायेत ते, पडनारच हायेत, कायले पैसे लावतं?"

समोरचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे माझ्या पोरीला त्या दाढेवर अजून दोन-चार वर्षं भाकर चावायची होती. शिवाय ती दाढ खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून बसलेली असते. लवकर काढली की बाजूची दाढ पुढं सरकते आणि नवा दात वेडावाकडा येतो. हे यवतमाळच्या लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे दाखवून समजावलं. तिथंच काम करायचं ठरवलं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पोरीचंही अर्धंच, त्यामुळे प्रवासाचा भार फारसा पडला नाही. बुडाली ती मजुरी.

आता एकेका दाढेचं सांगते.

पहिली, खालची उजवी. ही दुधाची नाही, कायमची. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागं ती गुपचूप उगवते, एकही दात न पडता, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. नवीन दाढेच्या खाचा खोल असतात, त्यात अन्न अडकतं, आणि पोरींच्या ब्रशचा हात तिथवर पोचत नाही. या दाढेत कंपोझिट भरलं, म्हणजे लाइटनं घट्ट होणारं दाताच्या रंगाचं मटेरियल. मी खुर्चीच्या बाजूलाच उभी होते. आधी हिरडीला गार लागणारं जेल लावलं, मग सुई दिली. दाढेभोवती क्लिप लावून वर रबराचं पातळ पान ताणलं, त्याच्या भोकातून फक्त दाढ वर आली, म्हणजे थुंकी आत येऊ नये. कीड कोरून काढल्यावर निळं जेल लावलं, काही सेकंदांनी पाण्यानं धुतलं, हवेनं वाळवलं. तेव्हा दाढ खडूसारखी पांढरीफटक दिसली. मग चिकटवायचं औषध, मग थोडंथोडं मटेरियल, आणि प्रत्येक थरावर निळ्या लाइटची टिक-टिक. पोरीला नारिंगी चष्मा दिला होता. शेवटी निळा कागद चावायला लावून उंच लागणारा भाग घासून काढला.

हे सगळं एवढं लांबवून सांगण्याचं कारण, कंपोझिटचा सगळा जीव त्या कोरडेपणात आहे. थुंकीचा ओलावा लागला की पकड सैल होते, कडेनं फट राहते आणि त्याच फटीतून कीड परत शिरते. रबर लावत नसतील तर निदान कापूस आणि थुंकी ओढणारी नळी नीट वापरतात का, हे विचारायला लाजू नका. आमची ही फिलिंग आजही जशीच्या तशी आहे. कड नखाला लागत नाही, थंड पाण्यानं कळ येत नाही. सुरुवातीचे काही दिवस थंड लागलं की ती गाल धरायची, ते आपोआप थांबलं. बाराशे रुपये घेतले.

दुसरी, वरची डावी दुधाची दाढ. वरच्या अंगानं छोटी कीड होती. इथं ग्लास आयोनोमर भरलं, ज्याला आपण नुसतं सिमेंट म्हणतो. पूड आणि तिच्यासोबतचं पातळ औषध कागदावर कालवून भरतात, लाइट लागत नाही, थोडा ओलावा चालतो, दाताला स्वतःहून धरतं आणि त्यातून कीड रोखायला मदत करणारं फ्लोराइड हळूहळू सुटत राहतं. 1972 पासून हे साहित्य जगाला माहीत आहे. गडबड करणाऱ्या पोरासाठी सोयीचं, पण कंपोझिटएवढं कणखर नाही. दिवाळीच्या सुमारास त्याची कड थोडी उडाली. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, आणि तेवढा भाग पैसे न घेता परत भरून दिला. सहाशे रुपयांत दाढ पडेपर्यंत चाललं तरी मी समाधानी आहे.

तिसरी, जी काढा म्हणत होते ती. दोन दाढांच्या मधून कीड शिरून नसेपर्यंत गेली होती, रात्री दुखायचं. नसेचं काम करून वर स्टीलची तयार कॅप बसवली, सगळं मिळून साडेतीन हजार. मला पांढरीच हवी होती, हसताना दिसेल म्हणून. मॅडम म्हणाल्या, "ताई, एवढ्या पोखरलेल्या दुधाच्या दाढेत पांढरं भरलं तर ते किंवा दाढ, काहीतरी तुटेल." आणि खरोखर, तिन्हींत सगळ्यात निर्धास्त हीच कॅप निघाली. पोरगी पहिल्या आठवड्यात "उंच लागते" म्हणाली, नंतर विसरली. दिसते ती फक्त मोठ्यानं हसली तरच.

आमच्या जुन्या पिढीत भरायचे ती चांदी आता पोरांना भरून घेऊ नका. त्यात जवळपास निम्मा पारा असतो. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या देशांनी 2022 मध्ये ठरवलं की पंधरा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना ती भरू नये. आपला देशही त्या करारात आहे. ज्यांच्या तोंडात आधीची घट्ट बसलेली आहे त्यांनी घाबरून ती उकरून काढायची मात्र गरज नाही.

आमच्याकडची वेगळी गोष्ट म्हणजे पाणी. पांढरकवडा, झरी-जामणीच्या पट्ट्यात बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पिण्याजोगं धरत नाहीत. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात ते त्याचे. ती कीड नव्हे आणि घासून जात नाही. माझ्या पोरीच्या समोरच्या दातांवरही फिकट पट्टे आहेत. असे दात असले तर कंपोझिट भरणाऱ्याला आधी सांगा, कारण अशा दातावर ते धरायला जास्त मेहनत लागते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यानं वाढतं. आम्ही प्यायला ग्रामपंचायतीच्या आरओचं पाणी आणतो. आणि पाण्यात फ्लोराइड आहे म्हणून कीड लागत नाही असंही नाही, आमच्याच घरी दोन्ही आहेत.

फिलिंगनं खड्डा बुजतो, कीड लागायचं कारण घरात तसंच राहतं. आमच्याकडे ते कारण होतं झोपायच्या आधीचा गोड चहा-टोस्ट, आणि दिवसभर थोडाथोडा चालणारा पाच रुपयांचा पुडा. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त नडतं, कारण दर वेळी तोंडात साधारण अर्धा तास आम्ल राहतं. चिवडा, मुरमुरे, फुटाणे दिले तर पोरं कुरकुरतात, पण चालवून घेतात. चहा आता संध्याकाळीच. रात्रीचा ब्रश मीच करून देते: तिला माझ्यापुढं उभी करून डोकं मागं टेकवते, म्हणजे मागच्या दाढा दिसतात. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराइडची. ट्यूबवर 1000 पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं बघून घेते. ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायचं, चुळा भरायच्या नाहीत. आजीचं लाल मंजन आजीलाच राहू दिलं.

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय आहे. तिथं लहान मुलांचा वेगळा विभाग असतो. अशा ठिकाणी वेळ जास्त जातो, दिवसभराच्या तयारीनं डबा घेऊन जा.

तीन वर्षांच्या पोराला खुर्चीत बसवणं जमत नसेल तर सिल्व्हर डायमिन फ्लोराइड नावाचं औषध लावून कीड थांबवता येते. जावेच्या लहान्याला समोरच्या दोन दातांना तेच लावलं. सुई नाही, मशीन नाही. दात त्या जागी काळा पडतो, हे आधी माहीत असू द्या, नाहीतर घरी भांडण होतं.

दिवाळीत कड भरायला गेलो तेव्हा पोरीच्या बाकीच्या तीन कायमच्या दाढांच्या खाचा सीलंटनं बुजवून घेतल्या. कोरायचं काही नव्हतं, दुखलं नाही, दाढेमागे चारशे रुपये. आता उन्हाळ्यात शाळा सुटली की परत दाखवायला जायचं आहे, तेव्हा फ्लोराइडचं वार्निश लावतील आणि त्या सिमेंटची कड बघतील.