दंडाचं बीपी मशीन: घ्या, पण पहिल्या आकड्यावर जाऊ नका

मेडिकलमध्ये दीड-दोन हजारांत मिळणारं, दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्यायला हरकत नाही. मनगटाचं मात्र नको; हात छातीच्या उंचीवर धरला नाही की त्याचा आकडा भरकटतो.

वावरातून घाईघाईत आलेल्या किंवा बँकेत कर्जावरून वाद घालून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधला तर 160 दिसतं आणि घरचे घाबरतात. मशीन खोटं बोलत नसतं. ताणात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, बारीक रक्तवाहिन्या आवळतात. ताण सरला की व्हेगस नर्व्ह (मेंदूतून हृदयाकडे जाणारी नस) ठोक्यांना पटकन लगाम घालते, पण आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल व्हायला वेळ लागतो. म्हणून वादावादीनंतर नाडी आधी उतरते, बीपी मागून. अंगमेहनतीचं गणित निराळं: काम थांबल्यावर बीपी काही वेळ नेहमीपेक्षाही खाली जाऊ शकतं. उन्हात निंदणाहून उठताना चक्कर येते त्यामागे घामासोबत हेही असतं.

ताण किंवा काम थांबल्यावर पहिल्या मिनिटातली नाडीची घसरण मात्र या मशीनवर कळत नाही. पट्टा फुगून सुटेपर्यंतच पाऊण मिनिट जातं. त्यासाठी मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. बीटा ब्लॉकरची (ठोके कमी करणारी) गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात, त्यावरून काही ठरवू नका.

बीपी मोजायचं तर अर्धा तास आधी चहा नको, खर्रा तर नकोच. तंबाखू गालात ठेवून मोजायला बसणारे आपल्याकडे कमी नाहीत. निकोटीन नाडी आणि बीपी दोन्ही चढवतं. लघवी करून या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. शांतपणी बरेच दिवस सरासरी 135/85 च्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. 180/120 च्या वर आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, तर पुन्हा मोजत न बसता थेट दवाखाना गाठा.

सोबतचा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंमी दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर आकडा उगाच वाढीव येतो, मोठा पट्टा वेगळा मागा. चार पेन्सिल सेल लागतात. ते उतरले की पट्टा अर्धवट फुगतो आणि एरर येते. नाडी अनियमित असणाऱ्यांनी या मशीनवर विसंबू नये.