‘वडगाव बु.’ न समजणारी रिक्षासेवा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने ‘वडगाव’ म्हटले, की त्याला वडगाव बुद्रुक म्हणायचे असते, हे स्वारगेटच्या कोणत्याही रिक्षावाल्याला सांगावे लागत नाही. मराठीत बोलून रिक्षा मागवण्याची सोय देणाऱ्या एका ॲपला मात्र दोन महिने वापरूनही मला ते पटवता आलेले नाही. ‘वडगाव बु.’ असे लिहिले, तर असे ठिकाणच नसल्याचे उत्तर येते. नुसते ‘वडगाव’ म्हटले, तर शहराच्या दुसऱ्या टोकाचे वडगाव शेरी समोर येते, आणि एकदा तर थेट वडगाव मावळचे भाडे पाहून मी दचकलो.

बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. फारसीतून आलेल्या या शब्दांची ‘बु.’ आणि ‘खु.’ ही रूपे दुकानांच्या पाट्यांपासून सातबाऱ्यापर्यंत रुळलेली आहेत, आणि कोंढवा, आंबेगाव, वडगाव ही गावे शहरात येऊन शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी ते एकेक अक्षर टिकून आहे. पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर येथील रहिवासी तर तिघांत सामाईक असलेला ‘पिंपळे’ गाळून नुसते ‘सौदागर’ किंवा ‘निलख’ म्हणतात, कारण ओळख पटते ती दुसऱ्या शब्दाने. ॲपची भिस्त मात्र पहिल्या शब्दावर असते, त्यामुळे ‘सौदागर’ म्हटल्यावर त्याने मला त्या नावाचे एक कापडाचे दुकान सुचवले.

इंग्रजी आद्याक्षरांशी त्याचे उत्तम जमते. ‘एफसी’ (फर्ग्युसन कॉलेज रस्ता), ‘जेएम’ (जंगली महाराज रस्ता), ‘एसबी’ (सेनापती बापट रस्ता), ‘केपी’ (कोरेगाव पार्क) ही नावे ते बोलताक्षणी ओळखते. (एफसी रस्त्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे, ते नाव घेऊन रिक्षा मागवणारा पुणेकर मला अजून भेटायचा आहे.) ‘पीएमटी’ला, म्हणजे शहर बससेवेच्या जुन्या नावाला, मात्र ते बिचकते. 2007 मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली खरी, पण आमच्याकडे थांबा अजूनही पीएमटीचाच.

भाडे आधी कळते, उच्चार स्पष्ट ऐकला जातो आणि चालक सौजन्याने वागतात, हे मान्य करायला हवे. परवा स्वारगेटहून निघताना चालकानेच फोन करून विचारले, “काका, इथं शेरी दिसतंय, पण आपलं बुद्रुकच ना?” पाचपैकी तीन तारे देतो, त्यांतले दोन या चालकाचे.