निळी चिंधी

रायफलची नळी साफ करायचं सामान घेताना मी फसलो. पैसे गेले ते गेले. माझ्या शब्दावर चार पालकांनी तेच सामान घेतलं, ते जास्त लागलं. ज्या प्रयोगाने मला गंडवलं तो आणखी कुठल्या तरी रेंजवर चालू असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी माझी लाज सांगतो. सातपूर एमआयडीसीत बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. धातू हातात घेतला की कळतो, असा माझा समज होता. निवृत्तीनंतर नातीला सोडायच्या निमित्ताने इथल्या एका रायफल क्लबात जायला लागलो आणि हळूहळू तिथल्या तीन .२२ बोअरच्या (नळीचं आतलं भोक साधारण ०.२२ इंचाचं) रायफलींची देखभाल माझ्याकडे आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून नेमबाजी) ऑलिंपिक ब्राँझ आणलं आणि आमच्याकडे पोरांची रीघ लागली. सफाईचं काम वाढलं. क्लबातले जुने रॉड तीन तुकड्यांचे, ॲल्युमिनियमचे, जोडावर हाताला पायरी लागेल असे. ते बदलायचे होतेच. अशा वेळी तो गृहस्थ आला.

बोलणं गोड, शर्ट इस्त्रीचा, हातात लाकडी पेटी. ‘जर्मन किट, काका. कार्बन फायबरचा अखंड रॉड, फॉस्फर ब्राँझचे ब्रश, स्पेशल सॉल्व्हंट.’ मी म्हटलं, दाखवा. त्याने क्लबातली एक रायफल मागितली, पितळी जॅगवर (रॉडच्या टोकाचं, चिंधी धरणारं बोंड) पांढरी चिंधी चढवली, बाटलीतलं द्रावण ओतलं (बूच उघडताच नाकात झणका बसला) आणि रॉड मुझलकडून, म्हणजे नळीच्या तोंडाकडून, आत घातला. आमच्या क्लबात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब येतात. ते म्हणाले, ‘मुझलकडून? आमच्याकडे पुलथ्रूसुद्धा ब्रीचकडून घालायचे.’ (पुलथ्रू म्हणजे सफाईची दोरी, ब्रीच म्हणजे नळीचं मागचं, गोळी भरायचं टोक.) मी हसून म्हटलं, ‘साहेब, जमाना बदलला.’ हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

रॉड तसाच नळीत ठेवून तो गप्पा मारत बसला. चहा झाला. दहा-बारा मिनिटांनी त्याने रॉड ओढून काढला. चिंधी निळी! निळीत बुडवून काढल्यासारखी. ‘बघा काका, किती वर्षांचं तांबं साचलंय आत. आणि पोरांचे दहा का लागत नाहीत म्हणून तुम्ही कोचला विचारता.’ सगळे पालक वाकून बघत होते. मी स्वतः नळीची देखभाल करणारा, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. तिथेच मेलो. साडेसहा हजारांची एक अशी दोन किटं क्लबासाठी घेतली आणि पालकांना म्हटलं, घ्या, चांगली वस्तू आहे.

पैसे यूपीआयने त्याच्या खासगी खात्यावर गेले. पेट्या आठ दिवसांनी कुरियरने आल्या. दाखवलेली पेटी त्याने परत नेली होती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दीड महिना मी त्या किटने इमानेइतबारे घासत होतो. मग एका रायफलचे शॉट पसरायला लागले. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, तिथे चुकीला जागाच नसते. रायफल व्हाइसमध्ये धरून, दोन लॉटच्या गोळ्या वापरून पाहिल्या, तरी तेच. शेवटी कानात घालायची कापसाची काडी मुझलच्या आतल्या कडेवरून फिरवली. एका जागी कापसाचे तंतू अडकले. दुसऱ्यांदा फिरवली, पुन्हा तिथेच. गोळी नळीतून सुटताना तिला शेवटचा स्पर्श त्या कडेचा होतो. तिला क्राऊन म्हणतात. तिथे ओरखडा म्हणजे प्रत्येक गोळीला एकीकडून धक्का.

घरी येऊन डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड काढला. ब्रशच्या तारांजवळ नेला आणि खट्कन चिकटला. आता, अस्सल ब्रशचासुद्धा मधला पिळाचा दांडा पोलादी असू शकतो, म्हणून एक केस पकडीने उपटून तोच चुंबकाला लावला. चिकटला. ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही. नळीच्या पोलादापेक्षा तो मऊ असतो, म्हणून तर ब्रशला वापरायचा. रॉडला कानस मारली, तर वर जाळीची नक्षी छापलेलं काळं प्लॅस्टिक आणि आत लोखंडी पाइप. मुठीतलं बेअरिंगही नावालाच. .२२ च्या नळीतल्या पिळाच्या खाचा साधारण १६ इंचांत एक फेरा घेतात, ब्रशला तेवढं फिरता आलं पाहिजे. हा फिरत नव्हता, नुसता खरवडत जात होता.

पण निळी चिंधी? ते कोडं सुटेना. आमच्या .२२ च्या गोळ्या नुसत्या शिशाच्या, वरून मेणचट वंगण. तांब्याचं कवच मोठ्या बोअरच्या गोळ्यांना असतं. मग आमच्या नळीत तांबं आलं कुठून?

उत्तर जुन्या नाशकात मिळालं. भांडी बाजाराकडे एका म्हाताऱ्या तांबटाकडे मी आईचा बंब दुरुस्तीला दिला होता. खिशातला ब्रश त्यांना दाखवला. त्यांनी तार नखाने खरवडली. ‘लोखंडाला पाणी चढवलंय, दादा.’ मग मी जॅग आणि बाटली काढली. त्यांनी लांबूनच वास घेतला आणि हसले. ‘कल्हईचा नवसागर तापला की असाच झणका येतो. हे पितळेला लावून ठेवा, निळं-हिरवं पडणारच. मळ बंदुकीचा नाही, ह्या बोंडाचा आहे.’ त्यांनी चिंधी भिजवून जॅगवर गुंडाळली आणि बाजूला ठेवली. बंबाला डाग देऊन होईपर्यंत चिंधी निळी झाली होती. जवळपास बंदूक कुठेच नव्हती.

बाटलीत अमोनियाचं द्रावण होतं. ते तांबं विरघळवतं आणि पितळेत तांबंच जास्त असतं. म्हणजे आपलाच जॅग आपल्याला मळ दाखवत होता. हे द्रावण मोठ्या बोअरला लागतं, तेही पितळ नसलेल्या जॅगवर आणि मोजक्या वेळासाठी. .२२ ला शिसं आणि जळकट कार्बन काढायचा असतो.

दुसरा घोळ पालकांचा. चौघांच्या मुलांकडे एअर रायफली. एअर रायफलला ब्रश मुळी घालायचाच नसतो. फेल्टच्या गोळ्या किंवा कोरडी चिंधी पुरते. सॉल्व्हंट आत झिरपलं तर हवा धरणाऱ्या सीलची वाट. तरी त्या पेटीत .१७७ चा (एअर रायफलच्या नळीच्या मापाचा) ब्रश होता आणि एका ताईंनी तो वापरलाही होता. ‘काका, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतलं,’ एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फोन केला तर आधी ‘माल परत पाठवा, बघतो’, मग ‘वापरलेला माल परत नाही’, मग फोन बंद. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, त्यांनी बिल मागितलं. बिल नव्हतंच. पेटी पुन्हा नीट पाहिली. परदेशी मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे फक्त एक झेंडा आणि ‘जर्मन टेक्नॉलॉजी’. टेक्नॉलॉजी जर्मन, माल कुठला ते गुलदस्त्यात.

क्राऊन दुरुस्त करायला माझ्या ओळखीत डझनभर लेथ आहेत, पण बंदुकीच्या नळीला परवानाधारक गनस्मिथशिवाय कुणी हात लावायचा नसतो. रायफल बाहेरगावी पाठवली, कागदपत्रांसकट. तीन आठवडे एक लेन रिकामी राहिली. नात आणि आणखी दोघी त्या काळात आळीपाळीने एकच रायफल वापरत होत्या.

आता क्लबात कोटिंगवाला अखंड रॉड आहे, बिलासकट घेतलेला. बोल्ट काढून ब्रीचकडून घालतो, आधी बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) बसवतो, म्हणजे रॉड वाकून चेंबरला, गोळी बसते त्या जागेला, घासत नाही. चिंधी मुझलबाहेर आली की तिथेच काढून टाकतो, घाण परत आत ओढत नाही. रॉड प्रत्येक वेळी पुसतो. सुभेदार साहेब शेजारी उभे राहून बघतात, काही बोलत नाहीत.

तीन पालकांनी माझ्याकडून पैसे घेतले. ताईंनी घेतले नाहीत. त्यांच्या मुलाच्या रायफलचं सील बदलून आणलं, तेवढं मात्र त्यांनी करू दिलं. ती बाटली अर्धी शिल्लक आहे. क्लबाच्या कपाटात, एका पितळी कुलपाशेजारी ठेवली आहे. नवीन पालक सामानाची चौकशी करायला आले की आधी त्या कुलपावर ओली चिंधी टाकतो आणि मग चहा सांगतो.