पोस्ट-बॅक की एसएमपी? अमेरिकेत उशिरा मेडिकलकडे वळताना

नोकरीची काही वर्षं झाली आहेत, मेडिकलला जायचंय, पण कॉलेजचे ग्रेड्स वर-खाली आहेत. अशा वेळी दोन वाटा समोर येतात: पदवीनंतर पदवीच्याच पातळीचे सुटे विषय घेत पोस्ट-बॅक, किंवा स्पेशल मास्टर्स प्रोग्राम, म्हणजे एसएमपी, मेडिकलची तयारी करून घेणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम.

आधी जीपीए, म्हणजे ४.० पैकी ग्रेड्सची सरासरी. पोस्ट-बॅकचे विषय ॲमकॅस (मेडिकल कॉलेजांचे अर्ज घेणारी सामायिक सेवा) पदवीच्या जीपीएतच धरतं. एसएमपीचा पदव्युत्तर जीपीए वेगळा दिसतो, जुना आकडा तसाच राहतो. १२० क्रेडिट्सना ३.० असेल तर ३० क्रेडिट्स ४.० ने करूनही एकूण ३.२ च होतो. पण फक्त विज्ञानाचा जीपीए पाहिला आणि त्याचे ४० क्रेडिट्स २.७ वर असतील, तर तेच ३० विज्ञानाचे घेतल्यास तो ३.२६ वर जातो. खरा फायदा इथे आहे. नापास विषय पुन्हा दिला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही मोजले जातात.

खर्चात पोस्ट-बॅक हलका: संध्याकाळचे वर्ग, नोकरी चालू. एसएमपीला बहुधा पूर्णवेळ वर्ष आणि मोठं कर्ज लागतं.

धोका मात्र एसएमपीत जास्त. तिथे बी-सी ग्रेड्स आले तर सावरायला जागा उरत नाही. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, त्याच वर्षात कोंबू नका.

विज्ञानाचे विषय कमी किंवा जुने असतील, किंवा पदवी भारतातली असेल (ते गुण ॲमकॅसच्या जीपीएत येत नाहीत), तर पोस्ट-बॅकच घ्या. क्रेडिट्स इतके साचलेत की आकडा हलतच नाही, एमकॅट चांगली झालीय, तर एसएमपी. तीही मेडिकल कॉलेजशी जोडलेली.