देवगडच्या खाऱ्या हवेत डीए पॉलिशर: आंबा आणि पावसाळा ओलांडल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. काळ्या गाडीच्या रंगावर पडलेली बारीक रेघांची जाळी घरच्या घरी जाते, आणि नीट जाते. ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे डीए पॉलिशर, गाडीच्या रंगावर पॅड फिरवून पॉलिश करणारं मशीन, घेऊन मी समाधानी आहे. पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने मशीनवर पैसे घालण्याआधी गाडी धुण्याची पद्धत बदलावी, असं माझं ठाम मत झालं आहे. मशीन रेघ भरत नाही. रेघेच्या आजूबाजूचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून रेघेच्या तळाशी आणतं. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. तो परत चढत नाही.

माझ्या गाडीला दोन वेगळे आजार होते. पहिला रोजच्या पुसण्याचा. दुसरा एका वॉशिंग सेंटरवर ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतल्यावर लागलेला. सेंटरमधून बाहेर पडताना गाडी आरशासारखी दिसत होती. दोन-तीन धुण्यांनंतर सकाळच्या कोवळ्या उन्हात बोनेटवर रुंद, लाटेसारखे पट्टे दिसायला लागले. आपण बाजूला सरकलो की तेही सरकतात. हे हॉलोग्राम. रोटरी मशीन एकाच अक्षावर फिरतं. त्यावर लोकरी पॅड आणि जाडं कंपाउंड (घासणारी पेस्ट) लावून काम केलं आणि नंतर बारीक पॉलिशचा हात दिलाच नाही, की पॅड ज्या वाटेने गेला ती वाट रंगावर उमटते. वरून तेलकट ग्लेझ मारलं की ती झाकली जाते, आणि ग्लेझ धुतलं गेलं की उघडी पडते. रोटरी वाईट नाही, मुरलेल्या हातात ते फार वेगाने काम करतं. पण शेवटचा बारीक हात वगळून गाडी ताब्यात देणं ही ग्राहकाची फसवणूक आहे.

पुसण्याची जाळी वेगळी. उन्हात किंवा टॉर्चखाली ती प्रकाशाच्या ठिपक्याभोवती गोल दिसते, म्हणून लोकांना वाटतं की गोल-गोल पुसल्यामुळे ती पडली. खरं तर रेघा सगळ्या दिशांना पडलेल्या असतात. ज्या रेघा प्रकाशाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतं. टॉर्च हलवा, गोलही हलेल. तेव्हा ‘गोल पुसू नका, सरळ पुसा’ एवढ्या सल्ल्याने काही वाचत नाही. फडक्याखाली कण असेल तर सरळ पुसूनही रेघ पडणारच.

मशीन मधल्या किमतीचं आहे, 15 मिमी थ्रो (पॅडच्या झोक्याचा व्यास) आणि पाच इंची बॅकिंग प्लेट, म्हणजे जिच्यावर पॅड चिकटतो ती तबकडी. डीएचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी बाजूलाही झोके घेतो, त्यामुळे एकाच दिशेची वाट उमटत नाही आणि उष्णताही कमी होते. अट एकच, पॅड फिरत राहायला हवा. फार दाबलं किंवा वळणावर पॅड तिरका टेकला की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते आणि काम होत नाही. बॅकिंग प्लेटच्या कडेला काळ्या मार्करने एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली की समजायचं काम चालू आहे. या छोट्या खुणेने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही व्हिडिओने नाही.

बोनेटचं काम सविस्तर सांगतो, कारण सगळं तिथेच ठरलं. धुऊन, लोखंडी कण विरघळवणारं आयर्न रिमूव्हर मारून, मग रुतलेली घाण उचलणारी क्ले (मऊ मातीसारखी वडी) फिरवली. कणकवली रेल्वे स्टेशनबाहेर गाडी बऱ्याचदा उभी असते, तिथे रुळांचे आणि ब्रेकचे लोखंडी कण उडतात. डिकीच्या दारावर रिमूव्हर जांभळा होऊन ओघळला तेव्हा किती लोखंडी कण रंगात रुतले होते ते कळलं. ते न काढता पॅड फिरवला असता तर तेच कण सगळीकडे घासले गेले असते. मग निळ्या टेपने दोन बाय दोन फुटांचा चौकोन आखला. आधी सगळ्यात सौम्य जोडी, म्हणजे मऊ फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश. पुसण्याची हलकी जाळी बरीचशी गेली, रोटरीचे पट्टे राहिले. मग मध्यम फोम पॅड आणि मीडियम कट कंपाउंड. नव्या पॅडला आधी कंपाउंड सगळीकडे नीट चोळून घेतलं, पुढे दर वेळी वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके. वेग चार-पाचवर, हात अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर, आधी आडवा मग उभा. मशीनच्या वजनाला हाताचा थोडाच दाब. असे चार ते सहा फेरे झाल्यावर पातळ, पारदर्शक थर उरतो, तिथे थांबायचं. पट्टे गेले, पण टॉर्चखाली किंचित धुरकटपणा दिसला. तो परत फिनिशिंग पॅडने गेला. हा दुसरा हात काळ्या गाडीवर टाळता येत नाही. पांढऱ्या गाडीवर कदाचित कुणाला फरक कळणारही नाही.

प्रत्येक चौकोनानंतर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. कंपाउंडमधलं तेल रेघा झाकतं. ते काढल्याशिवाय आपण स्वतःलाच खोटं सांगत असतो. आणि एक चौकोन झाला की पॅडवर ब्रश फिरवा. त्यात खरवडलेला रंग आणि सुकलेलं कंपाउंड साठतं, आणि तोच गाळ नवी जाळी पाडतो. पॅड दोन-तीन नकोत, चांगले सहा-सात हवेत. माझ्या मते मशीन थोडं स्वस्त घेतलं तरी चालेल, पॅड भरपूर घ्या.

नखाला अडकणारा ओरखडा सोडून द्या. मी दाराच्या मुठीमागचे दोन तसेच ठेवले आहेत. कडा, बॉडीलाइन आणि बंपरची टोकं टेप लावून झाका. तिथे रंग पातळ असतो, आणि प्लास्टिकचा बंपर पत्र्यापेक्षा लवकर तापतो. मायक्रॉन मोजणारं साधं मीटर रंगाची एकूण जाडी दाखवतं, एकट्या क्लिअरकोटची नाही, आणि प्लास्टिकवर ते चालतही नाही. तरी जुनी गाडी असेल तर एखाद्याकडून मागून आणा. कुठलं दार पुन्हा रंगवलंय ते लगेच कळतं.

आता आपल्या भागाचं. खाऱ्या वाऱ्याचं मीठ पाण्यात विरघळतं, त्याला नुसतं भरपूर पाणी पुरतं. जांभ्याची लाल धूळ विरघळत नाही. ती लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची, त्यात कठीण कणही असतात. लांजा-हातखंबा पट्ट्यातून रत्नागिरीला जाऊन आलं की दारांच्या खालच्या निम्म्या भागावर तिचा पापुद्रा बसतो. पावसात तो भिजून चिकटतो आणि ऊन पडलं की वाळून घट्ट होतो. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशवर खर्च केलेले दिवस वाया घालवणं. गणपतीत घरी आलेले काका खळ्यात उभे राहून म्हणाले, “रे, फडको दी, पटकन पुसान घेतंय.” मी म्हटलं, “काकानू, थांबा, आदी पाणी मारूया.” त्यांची पांढरी गाडी आधी फोममध्ये भिजवली, पाण्याच्या जोराने खालपासून वरपर्यंत माती सोडवली, मग दोन बादल्यांनी धुतली. एकीत शाम्पू, दुसरीत नुसता हात धुवायला पाणी, दोन्हींत तळाला गाळ अडवणारी प्लास्टिकची जाळी. छतापासून सुरुवात, खालचा भाग शेवटी आणि वेगळ्या हातमोज्याने. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बोटभर लाल गाळ साचला तेव्हा काकांनीच बादली कलती करून बघितली. पुढे चार दिवस ते स्वतः फोम मारत होते.

आंब्याच्या दिवसांत गाडी कलमाखाली उभी करू नका, हे देवगडात सांगायला नको. तरी लिहितो, कारण चीक आम्लधर्मी असतो आणि उन्हात तापलेल्या रंगावर पडला की डाग खोल जातो. लगेच ओल्या फडक्याने भिजवून उचलला तर वाचतं. दोन दिवस राहिला तर पॉलिशनेही पूर्ण जाईलच असं नाही. वटवाघळांच्या विष्ठेचंही तेच.

पावसाळ्यात मशीनपेक्षा पॅड त्रास देतात. धुतलेला फोम पडवीत आठवडाभर ओलाच राहतो आणि त्याला वास येतो. पंख्याखाली उभे करून पूर्ण सुकवा, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा. उघड्यावर ठेवलेल्या पॅडवर लाल धूळ बसते, ते आणखी वाईट. उलट मे महिन्यात पत्रा तापलेला असतो आणि कंपाउंड काही फेऱ्यांतच सुकून भुकटी होतं. त्या दिवसांत मी सकाळी लवकर, सावलीत, हाताला थंड लागणाऱ्या पत्र्यावरच काम करतो. मला विचाराल तर पॉलिशसाठी आपल्याकडे दिवाळीनंतरचे महिने सगळ्यात चांगले.

मशीनच्या तक्रारी थोड्या आहेत. बराच वेळ चाललं की पुढचा भाग गरम होतो आणि मनगट दुखतं. वायर आखूड आहे, एक्स्टेंशन लागतंच. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की वेग जाणवण्याइतका कमी होतो. एका पॅडचा वेल्क्रो उष्णतेने सुटला, तेव्हापासून दोन पॅड आलटूनपालटून वापरतो. बाकी मोटार आणि स्विच पावसाळ्यातही नीट चालले.

सिरॅमिक कोटिंग केलं की जाळी पडत नाही, असं दुकानदार सांगतात. 9एच ही पेन्सिलच्या शिशाची मोजणी आहे, खनिजाच्या कठीणपणाची नाही. जांभ्याच्या कणापुढे ती टिकत नाही. कोटिंगमुळे माती लवकर सुटते आणि गाडी धुणं सोपं होतं, तेवढ्यासाठी करायचं तर जरूर करा. पण सगळी जाळी आणि हॉलोग्राम निघाल्यावरच, नाहीतर ते कोटिंगखाली तसेच राहतील आणि पुढच्या वेळी कोटिंगही घासून काढावं लागेल.

नवीन घेणाऱ्याला माझी यादी अशी: 15 मिमी थ्रोचं डीए, मध्यम आणि मऊ पॅड, एक मीडियम कट, एक फिनिशिंग पॉलिश, चांगला एलईडी टॉर्च, बरेच जाड मायक्रोफायबर. लोकरी पॅड आणि जाडं कंपाउंड पहिल्या खरेदीत घेऊ नका. आणि टॉर्चमध्ये शेवटची रेघ दिसली म्हणून तिच्या मागे लागू नका. उन्हात दहा फुटांवरून गाडी स्वच्छ दिसली की मशीन डब्यात ठेवा.