वेबव्ह्यू-२ की सेफशार्प? पान न उघडल्यावर काय होतं ते बघा

डॉटनेटमधल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझर बसवायचा आहे, त्यासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या वेबव्ह्यू-२ आणि मुक्त-स्रोत सेफशार्प या दोन्ही कंट्रोलचे डेमो छान चालतात, मग घ्यायचं कोणतं, असं एका मित्राने विचारलं. डेमोत नेट जात नाही, ग्राहकाकडे जातं.

पान उघडलं नाही तर वेबव्ह्यू-२ स्वतःचं एरर-पान दाखवतं. नको असेल तर ते बंद करता येतं. ‘नॅव्हिगेशनकम्प्लिटेड’ या इव्हेंटमध्ये यश-अपयश कळतं, ४०४ (पान सापडलं नाही) सुद्धा अपयशातच मोजला जातो. सेफशार्पमध्ये ‘लोडएरर’ हा इव्हेंट पकडून संदेश आपणच दाखवायचा. ४०४ तिथे येतच नाही, त्यासाठी स्टेटस कोड वेगळा तपासावा लागतो. उलट डाउनलोड सुरू झालं की ‘लोडएरर’मध्ये ‘अबॉर्टेड’, म्हणजे उणे ३ हा एरर-कोड, येतो. तो सोडून द्यायचा, नाहीतर फाइल नीट उतरत असताना ग्राहकाला लाल पाटी दिसते. (मी दाखवली आहे.) शिवाय हा इव्हेंट यूआय थ्रेडवर (स्क्रीन हाताळणाऱ्या थ्रेडवर) येत नाही, तेव्हा संदेश दाखवताना काम त्या थ्रेडकडे सोपवणारा ‘इन्व्होक’ विसरू नका.

रेंडरर, म्हणजे पान रंगवणारी प्रोसेस, कोसळला तर दोन्हीकडे खबर मिळते आणि बहुधा रीलोडने भागतं. वेबव्ह्यू-२ची मुख्य ब्राउझर प्रोसेसच गेली तर मात्र कंट्रोल नव्याने तयार करावा लागतो.

इन्स्टॉलेशन: वेबव्ह्यू-२ला त्याचा रनटाइम (मशीनवर वेगळा बसवलेला, ते चालवणारा भाग) लागतो. विंडोज ११मध्ये तो असतो, जुन्या मशीनवर नसेल तर सुरुवातीलाच एक्सेप्शन. सेफशार्प क्रोमियम (क्रोम ज्यावर बनतो ते ब्राउझर-इंजिन) सोबत आणतं, सेटअप शंभर एमबीहून जास्त फुगतो, आणि व्हिज्युअल सी++चा रनटाइम नसेल तर ‘फाइल सापडली नाही’ अशी दिशाभूल करणारी तक्रार येते.

छोटी टीम, विंडोज १०-११चे ग्राहक: वेबव्ह्यू-२. क्रोमियमची ठरावीक आवृत्ती आणि प्रत्येक रिक्वेस्टवर ताबा हवा असेल, वर कोड सांभाळायला माणूस असेल, तर सेफशार्प.