डनफर्मलिनचं कार्नेगीचं घर: एडिंबरोला आलात तर अर्धा दिवस ह्याला द्याच

मुलगा एडिंबरोला शिकतोय म्हणून आम्ही दोघं आलो होतो, किल्ला वगैरे सगळं बघून झालं, मग मी म्हटलं मला डनफर्मलिनला जायचंय. ट्रेनने अर्धा-पाऊण तास लागतो, आणि वाटेत तो १८९० चा लाल फोर्थ ब्रिज लागतो, सगळा स्टीलचा, त्यामुळे खिडकीची जागा पकडा.

अमेरिकेत स्टीलमध्ये पैसा कमावलेल्या अँड्र्यू कार्नेगीचा जन्म इथला, २५ नोव्हेंबर १८३५. एके काळी जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत त्याची गणना व्हायची आणि घर बघाल तर कोपऱ्यावरचं बसकं कौलारू घर, खाली माग आणि वर माळ्यावरची खोली, तिथंच सगळा संसार. शेजारी मोठा हॉल आहे, तो त्याच्या बायकोने, लुईसने, नंतर बांधून घेतला, १९२८ मध्ये उघडला. तिकीट नाही, पूर्ण फुकट. फक्त वर्षभर उघडं नसतं, निघायच्या आधी तारखा बघून घ्या.

मी सर्वात जास्त वेळ मागापाशीच थांबलो. आमचं घर सोलापूरचं, पूर्व भागातलं, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, आजोबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे आणि आजी शेजारी कांड्या, म्हणजे सुताची रिळं, भरायची. इथला माग जकार्डचा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर लटकते आणि त्यावरून कापडात नक्षी उतरते, आपल्या सोलापुरी चादरीसारखंच तंत्र, फक्त कार्नेगीचा बाप विल्यम ह्यावर लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, डमास्क काढायचा, टेबलावर घालायचं भारी कापड. धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी मागाची नाव, बघितला आणि मला बोलायलाच सुचेना.

मग वाफेवरचे माग आले आणि बापाचं काम बसलं. आईने किराणा विकून आणि चपला शिवून घर चालवलं. शेवटी माग लिलावात काढले, त्याचे फार पैसे आले नाहीत, २० पौंड उसने घेतले आणि १८४८ ला सगळे अमेरिकेला निघाले, बोटीत सात आठवडे. तिकडे पिट्सबर्गजवळ तेरा वर्षांचा पोरगा कापड गिरणीत कांड्या पोचवायच्या कामाला लागला, आठवड्याला १ डॉलर २० सेंट. हे वाचून मी बायकोला हाक मारली, म्हटलं बघ, कांड्यावाला पोरगा. पुढे तार ऑफिस, रेल्वे, मग स्टील, आणि १९०१ मध्ये कंपनी बँकर मॉर्गनला ४८ कोटी डॉलरला विकली.

पण एक गोष्ट डोक्यात घेऊन इथं जा, १८९२ चं होमस्टेड. तिथल्या त्याच्या स्टीलच्या कारखान्यात युनियन मोडायची होती, मॅनेजर फ्रिकने पिंकर्टन नावाच्या खासगी एजन्सीचे ३०० भाडोत्री गार्ड बोटीतून आणले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, आणि युनियन मोडली ती मोडलीच. कार्नेगी तेव्हा तिथं नव्हता, इकडे स्कॉटलंडमध्ये होता. त्याचा बाप चार्टिस्ट, कामगारांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून सभा घेणारा विणकर. मशीनने बापाची भाकरी घेतली हे ज्या पोराने डोळ्यांनी बघितलं त्याच्याच कारखान्यात कसबी कामगारांचं हे झालं, मला हे अजून पचत नाही. आमच्या आजोबांनीही माग विकून दुसऱ्याच्या कारखान्यात पावरलूमवर काम केलं, त्यामुळे मी हे तटस्थपणे बघूच शकत नाही.

आणि तरी लायब्ररीत गेलो तेव्हा डोळे भरून आले हेही खरं. त्याने पैसे दिलेली पहिली लायब्ररी ह्याच गावात, १८८३ ची, घरापासून चालत जाता येते, २०१७ मध्ये शेजारी नवीन म्युझियम जोडलंय तेही छान आहे. अशा अडीच हजारांवर लायब्रऱ्या त्याने बांधल्या, कारण लहानपणी एका कर्नल अँडरसननी कामावर जाणाऱ्या पोरांना आपली पुस्तकं शनिवारी मोफत वाचायला दिली होती. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते आणि दोन पोरं अभ्यास करत होती, कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

पिटनक्रीफ पार्क चुकवू नका. लहानपणी ह्याच्या घरच्यांना त्या बागेत जायला बंदी होती, जमीनदाराचं आणि आईच्या माहेरच्यांचं भांडण. १९०२ ला त्याने अख्खी जागा विकत घेतली आणि पुढच्या वर्षी गावाला देऊन टाकली. आता कोणीही जावं.

पाचपैकी पाच. स्टेशनजवळच्या एका कॅफेत चहा घेतला तो अगदी पाणचट होता, त्यापेक्षा डबा घेऊन जा. आम्ही बागेत बसून थालीपीठ खाल्लं, तिथं मोर मोकळे फिरतात, एक अगदी बाकड्यापर्यंत आला होता.